स्वयंचलित जनरेटर : सत्कार करायचा की तपासणी?

यंदाच्या जयंती मंडळाच्या बैठकीत एक वेगळाच ठराव आला. वस्तीतील एका तरुणाने विजेशिवाय, डिझेलशिवाय, स्वतःच स्वतःला चालवणारे जनरेटर तयार केले आहे. १४ एप्रिलला त्याचा जाहीर सत्कार करावा आणि पंचवीस हजारांची थैली द्यावी, असा तो ठराव होता. फ्लेक्सचा मजकूरसुद्धा ठरला होता. ‘भीमाचा लेक, आपला एडिसन!’ टाळ्या पडल्या. मी एवढेच म्हणालो, “सत्कार अवश्य करू. पण आधी यंत्र तपासून पाहू.”

बैठक एकदम शांत झाली. मग एक जुना कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, “सर, शंभर वर्षांनी आपला एखादा पोरगा वर यायला लागला, तर आपणच त्याचे पाय ओढायचे का?”

हा प्रश्न साधा नाही. ज्या समाजाच्या बुद्धीवर हजारो वर्षे शंका घेतली गेली, त्या समाजाच्या मुलावर शंका घ्यायची तर हात थरथरतो. त्या शंकेमागे आपला विटाळलेला इतिहास उभा असतो. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर चार भिंतींत न देता जाहीरपणे दिले पाहिजे असे मला वाटले. हा लेख त्यासाठी आहे.

आधी त्या मुलाबद्दल. तो आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. जळालेली मोटार हातात घेतली की वासावरून सांगतो, कुठली वाइंडिंग गेली आहे. वडील नाहीत, आई धुणीभांडी करते. मोबाइलवर असल्या यंत्रांच्या चित्रफिती पाहून त्याने दोन वर्षे खपून हे यंत्र उभे केले. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, पट्ट्याने फिरणारा मधला शाफ्ट, त्यावर कडबाकुट्टीच्या जुन्या यंत्राचे चाळीस किलोचे बिडाचे चाक, पुढे भंगारातून आणलेला अल्टरनेटर, आणि एक चेंजओव्हर स्विच. घरच्या विजेवर मोटार चालू करायची, चाक वेगात आले की स्विच फिरवायचा. मग अल्टरनेटरची वीज मोटारीला आणि मोटार अल्टरनेटरला. बाहेरून काही नको. शंभर वॅटचा दिवाही त्यावर लागतो. आईने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले. एकूण खर्च साठ हजारांच्या आसपास.

मी पाहायला गेलो तेव्हा स्विच फिरवल्यावर चाक खरोखर फिरत राहिले आणि दिवा पेटला. पोरे ओरडली. मी घड्याळ पाहत होतो. दिवा हळूहळू पिवळा झाला, मग तांबडा, आणि साधारण चाळीस सेकंदांत सगळे थांबले. “सर, बेअरिंग जुनी आहेत,” तो म्हणाला. “चांगली बेअरिंग आणि आणखी जड चाक मिळाले तर थांबणार नाही.” थैलीचे पैसे त्यासाठीच हवे होते.

बेअरिंग बदलून हे यंत्र चालेल काय? नाही. का नाही, हे समजायला मोठ्या पदवीची गरज नाही. ज्यांनी डायनॅमोची सायकल चालवली आहे त्यांना ते मांड्यांनी माहीत आहे. डायनॅमो चाकाला टेकवला की पॅडल जड होते. त्याच डायनॅमोची वायर काढून टाका, दिवा विझतो आणि पॅडल बरेच हलके होते. म्हणजे वीज काढली की फिरवणाऱ्याला तेवढा जोर जास्त लावावा लागतो. १८३४ मध्ये लेंझ या शास्त्रज्ञाने हाच नियम मांडला. वायरच्या वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाह, तो ज्या हालचालीमुळे निर्माण झाला तिलाच अडवतो. दिवा पेटवणारी वीज पायांतून येते, डायनॅमोतून नव्हे. डायनॅमो फक्त पायांचा जोर विजेत बदलून देतो आणि बदलताना थोडी दलाली ठेवून घेतो.

आता ही दलाली मोजू. अर्ध्या हॉर्सपॉवरची साधी मोटार घेतलेल्या १०० भाग विजेपैकी फार तर ६५ भाग शाफ्टवर देते. बाकीची वाइंडिंग तापवण्यात जाते. मोटारीला हात लावला की चटका बसतो तो त्याचाच. पट्ट्यात दहावा हिस्सा जातो. छोटा अल्टरनेटर त्यातला पाऊण हिस्सा विजेत परत करतो. म्हणजे १०० टाकले तर हाती ४४ येतात. ते ४४ पुन्हा मोटारीला दिले तर दुसऱ्या फेरीत १९, तिसऱ्या फेरीत ८. आणि शेजारचा दिवा तर वेगळाच हिस्सा मागतो. कारखान्यांतील उत्तमोत्तम मोटार आणि उत्तमोत्तम जनरेटर जोडला तरी दोन्हींची मिळून परतफेड १०० पर्यंत पोचत नाही, आणि स्वतः चालून वर दिवा लावायचा तर १०० च्या वर जायला हवे. बेअरिंग बदलल्याने ४४ चे ४६ होतील, १०१ होणार नाहीत.

मग ते चाळीस सेकंद कुठून आले? त्या जड चाकातून. चाळीस किलोचे, दोन फूट व्यासाचे चाक मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्यात साधारण १० हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. दिवा आणि यंत्रातली झीज मिळून सेकंदाला अडीचशे ज्यूल खर्च झाले की चाळीस सेकंदांत साठा संपतो. हा साठा घरच्या मीटरमधूनच आला होता. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. म्हणजे त्या अवाढव्य चाकातील सगळी ऊर्जा लिटरभर पाण्याला अडीच अंशसुद्धा तापवू शकत नाही. चहा तर दूरच. चाक जड केले तर चाळीसचे ऐंशी सेकंद होतील, पण आधी ते फिरवायला मीटरही तेवढाच जास्त पळेल. शिवाय जुने बिडाचे चाक वेगात फुटले तर त्याचा तुकडा माणसाचा जीव घेतो, हेही सांगितले पाहिजे.

असे यंत्र बनवण्याची चूक फक्त आपल्या पोराने केलेली नाही. ही चूक फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने आणि ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्याने, आऱ्यांमध्ये पारा भरलेले आणि आपोआप फिरत राहणारे चाक वर्णिले आहे. भास्कराचार्य मोठा गणिती होता, त्याच्या गणिताचा मान ठेवू. पण त्याचे चाक फिरले नाही; फिरू शकत नव्हते. एका बाजूचा पारा बाहेर सरकून जोर लावतो तेव्हा दुसऱ्या बाजूला पाऱ्याचे आरे संख्येने जास्त असतात आणि हिशेब बरोबरीत सुटतो. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूरने हातोड्या लावलेल्या असल्याच चाकाचे चित्र काढले. तेही फिरले नाही. असे दावे तपासून थकलेल्या पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये ठरवूनच टाकले की, आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही.

वीज आल्यावर चाकांची जागा वेटोळ्यांनी घेतली. अमेरिकेत जोसेफ न्यूमन याने घेतलेल्या विजेपेक्षा जास्त वीज देणारे यंत्र केल्याचा दावा केला आणि पेटंटसाठी सरकारशी कोर्टात भांडला. १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने ते यंत्र मोजले. प्रत्येक मोजणीत बाहेर पडणारी वीज आत जाणाऱ्या विजेपेक्षा कमीच भरली. आयर्लंडच्या स्टीऑर्न नावाच्या कंपनीने २००६ मध्ये मोठी जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिले, २००७ मध्ये लंडनला जाहीर प्रयोग ठेवला, तो झालाच नाही. आणि २००९ मध्ये तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने एकमताने सांगितले की, ऊर्जा निर्माण होताना दिसली नाही. आपल्या देशात अणुऊर्जा क्षेत्रात वरिष्ठ पदावर काम केलेले परमहंस तिवारी यांनीही अशा जनरेटरचा दावा आयुष्यभर केला. त्यावर कुठले वीजकेंद्र चालले नाही. सांगायचा मुद्दा असा की, ही चूक अडाण्याची नाही. शिकलेले, श्रीमंत, गोरे, उच्चवर्णीय सगळे या चाकात अडकले आहेत. तेव्हा आमच्या आयटीआयच्या पोराने लाजण्याचे कारण नाही. पण त्याला डोक्यावर घेऊन नाचण्याचेही कारण नाही.

हल्ली घराघरांत होणाऱ्या प्रयोगांत अमेरिकेच्या जॉन बेडिनी यांच्या नावाने ओळखले जाणारे सर्किट फार लोकप्रिय आहे. फिरत्या चाकावर चुंबक, शेजारी दुहेरी वेटोळे, एक ट्रान्झिस्टर आणि दोन बॅटऱ्या. एक बॅटरी चाक फिरवते आणि दुसरी चार्ज होते. प्रवाह तोडला की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि क्षणभर मोठा व्होल्टेजचा झटका बसतो. तो दुसऱ्या बॅटरीत जातो. मीटर लावला की दुसऱ्या बॅटरीचे व्होल्ट वाढलेले दिसतात आणि माणूस आनंदाने वेडा होतो. इथेच फसगत आहे. व्होल्ट म्हणजे वीज नव्हे. टाकी किती उंचावर आहे यावरून टाकीत पाणी किती आहे हे कळत नाही. बॅटरीचे व्होल्ट वाढले म्हणजे तिच्यात तेवढा साठा झाला असे होत नाही. भार लावला की काही वेळात ती मान टाकते. शिवाय बाजारातला दोन-तीनशेचा मीटर असल्या तुटक झटक्यांची सरासरी धड दाखवत नाही. प्रयोग करणारा खोटे बोलत नसतो. त्याचे साधन त्याला खोटे सांगत असते, आणि ते तपासायला त्याला कोणी शिकवलेले नसते.

मात्र खोटे बोलणारेही आहेत आणि त्यांच्याबद्दल सावध राहिले पाहिजे. आमच्या मुलाकडे एक एजंट आला होता. चाळीस हजार द्या, पेटंट काढून देतो, कंपनीवाले कोटी रुपये देतील, म्हणाला. कायदा काय सांगतो? १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (अ) नुसार, निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध म्हणून मान्यच होत नाही. म्हणजे तो एजंट आईचे उरलेले मंगळसूत्र विकायला लावणार होता आणि हाती पावतीशिवाय काही पडणार नव्हते. १९९६ चे तामिळनाडूचे प्रकरण आठवा. झाडपाल्यापासून पेट्रोल करतो म्हणणाऱ्या रामर पिल्लईला आधी वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी डोक्यावर घेतले. नंतर चौकशी झाली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. डोक्यावर घेणाऱ्यांपैकी कोणाला शिक्षा झाली नाही. टाळ्या वाजवणारा नेहमी सुटतो आणि ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या तो अडकतो. जयंती मंडळाने हे ध्यानात ठेवावे.

आता चळवळीचा प्रश्न. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये वेदकाळातील विमानांवर भाषण झाले तेव्हा आपण सर्वांनी त्याची खिल्ली उडवली. योग्यच केले. पुरावा मागितला, मोजमाप मागितले. मग तीच फूटपट्टी आपल्या वस्तीत आली की आपण मोडून टाकायची काय? देवाच्या नावाने चमत्कार झाला तर अंधश्रद्धा आणि आपल्या पोराने चमत्कार केला तर विज्ञान, असा दुटप्पी व्यवहार बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्या समाजाला शोभत नाही. तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो. कारणाशिवाय कार्य नाही. काही घडले तर कशामुळे घडले हे विचारा, आणि परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला आहे म्हणून मानू नका. आपोआप चालणारे यंत्र म्हणजे कारणाशिवाय कार्य. धम्माच्या वाटेवर चालणाऱ्याने त्याला पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

विजेचे आणि बाबासाहेबांचे नाते तर आपल्यापैकी अनेकांना माहीतच नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट या देशाच्या दारिद्र्याशी जोडला. शेतीवर माणसांची गर्दी आहे, ती कमी करायला उद्योग हवेत, उद्योगांना वीज हवी, आणि ती स्वस्त व मुबलक हवी, असा त्यांचा मांडणीचा क्रम होता. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्याच काळात घातला गेला. बाबासाहेबांनी गरिबाच्या घरात दिवा लागावा यासाठी चमत्काराची वाट पाहिली नाही. धरण, वीजकेंद्र, तारा, मालकी कोणाची, दर किती, याचा हिशेब मांडला. आमच्या वस्तीत रात्री अंधार आहे तो निसर्गाने वीज लपवून ठेवली म्हणून नाही. २००५ नंतर काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले, तेव्हाही शहराच्या श्रीमंत भागात दिवे होते. आजही जागेचा कागद नाही म्हणून मीटर मिळत नाही, अशी घरे आमच्या वस्तीत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत छतावरच्या सौर पॅनेलला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. सूर्य खरोखर फुकट आहे, बाहेरून ऊर्जा येते म्हणून पॅनेल खरोखर चालते. पण ज्याचे छत पत्र्याचे आणि जागा दुसऱ्याच्या नावावर, त्याने पॅनेल कुठे लावायचे? ही लढाई आपली आहे. फिरत्या चाकाच्या नादात ती विसरली जाऊ नये.

आणि आता त्या जुन्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर. पाय ओढणे म्हणजे काय? त्या मुलाला आयटीआयच्या दोन वर्षांत निदेशकांनी एकदाही मोटारीची कार्यक्षमता मोजायला बसवले नाही. वॅटमीटर कपाटात कुलूपबंद होता. त्याच्या शाळेत प्रयोगशाळा होती, तिचे दार तपासणी अधिकारी आले की उघडायचे. हे पाय ओढणे आहे. ज्या हातांना यंत्र कळते त्या हातांना मोजमापाची विद्या मिळू न देणे, हीच जुनी मनुस्मृती नव्या कुलपात आहे. मी केले ते पाय ओढणे नव्हते.

मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाबरोबर युरोपला गेला तेव्हा डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखे वागवले. त्याच फॅरेडेने १८३१ मध्ये चुंबकापासून वीज काढून दाखवली; आज जगातली बहुतेक जनरेटर त्याच तत्त्वावर फिरतात. दुसरा जेम्स ज्यूल. हा श्रीमंत दारू-कारखानदाराचा मुलगा, पण विज्ञानात हौशीच. तरुणपणी घरीच विजेच्या मोटारी बनवायचा आणि त्यालाही वाटायचे की यांतून अमर्याद शक्ती मिळेल. आमच्या पोराचेच स्वप्न. फरक एवढाच की ज्यूलने मोजले. बॅटरीत किती जस्त झिजले आणि मोटारीने किती काम केले याचा हिशेब १८४१ च्या सुमारास मांडला तेव्हा लक्षात आले, तेवढ्याच वजनाचा कोळसा वाफेच्या यंत्रात सुमारे पाचपट काम देतो. स्वप्न मोडले. पण त्या मोडलेल्या स्वप्नाच्या आकड्यांतूनच तो उष्णता आणि काम यांच्या नात्यापर्यंत पोचला आणि ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाचा एक पाया घातला गेला. आज आपण ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतो ती त्याच्याच नावाने. मीटर धरून मोडलेले स्वप्नही माणसाला कुठे नेते, हे त्याच्याकडे पाहावे.

म्हणून मंडळाला मी तीन गोष्टी सुचवल्या. पहिली, कोणताही दावा आला तर बाहेरची वीज आणि बॅटरी पूर्ण काढून, सगळ्या तारा डोळ्यांसमोर ठेवून, भार लावून चोवीस तास यंत्र चालवून दाखवायचे. आत जाणारी आणि बाहेर येणारी वीज युनिटमध्ये मोजायची. दुसरी, घरच्या वायरिंगला चेंजओव्हरशिवाय जनरेटर कोणी जोडायचा नाही. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरवर जाऊन हजारो व्होल्टची होते आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला वायरमन मरतो. तो कंत्राटी वायरमन बहुधा आपल्यासारख्याच घरचा असतो. तिसरी, थैलीच्या पंचवीस हजारांतून विहाराच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन वीजमीटर, एक चांगला मल्टीमीटर आणि हत्यारे घ्यायची.

ठराव एकमताने झाला असे सांगितले तर ते खोटे होईल. दोन सदस्य उठून गेले. माझ्याशी अजून बोलत नाहीत. तो मुलगाही आठवडाभर फिरकला नाही. मग एका रात्री फोन आला, “सर, दुकानातून दोन मीटर आणले. तुम्ही ४४ म्हणाला होता. माझे ४१ च येतात. पट्टा घसरतो म्हणून असेल का?”

४१ हा आकडा त्याने स्वतः काढलेला होता. मी त्याला म्हणालो, “ये, पट्टा बघू या.” यंदा १४ एप्रिलला व्यासपीठावर त्याचा सत्कार झाला तो रिवाइंडिंगच्या कारागिरीसाठी आणि विहारातील टेबलावर दर रविवारी पोरांना शिकवायचे कबूल केल्याबद्दल. फ्लेक्सवर एडिसन नव्हता, त्याचे स्वतःचे नाव होते. आईच्या बचत गटाचे हप्ते मात्र अजून फिटायचे आहेत. ज्या समाजबांधवांनी थैलीसाठी वर्गणी देऊ केली होती, त्यांनी आता त्या हप्त्यांसाठी हात पुढे करावा, आणि ज्या ज्या गावात विहार आहे तिथल्या मंडळांनी एक टेबल आणि दोन मीटर एवढी तरी सोय यंदा करावी. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात ती होते.

जयभीम!